गाळा नंबर सतरा

मकरपुऱ्यात बंद पडलेल्या वॉशर-कारखान्याची शेड
महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी आमची असते.
भाडं पाच हजार, वीज वेगळी.
मालकाची अट एकच: पॉवर प्रेसला हात लावायचा नाही.
ती तो विकणार आहे. सहा वर्षं विकणारच आहे.

पहिल्या खेपेला अकरा माणसं आली.
त्यातले चार आम्हीच, आणि एक केयूरचा मावसभाऊ,
चार्जर परत न्यायला आलेला.
मी दारात, मांडीवर पैशांचा स्टीलचा डबा,
मनगटांवर उठवायला ऑफिसातून आणलेला जुना रबरी शिक्का:
रोख मिळाले.
रविवारी सकाळी पोळ्या लाटताना माझ्या हातावर तो आईनं वाचला.
काय गं मिळालं, म्हणाली.

बेसची खोकी मुस्तकीमभाईंची.
नवरात्रात नऊ रात्री त्यांना उसंत नसते,
उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली, उंदरांच्या संगतीत.
अर्ध्या भाड्यात देतात,
लाल दिवा लागला की माझ्याकडे बघायचं, एवढंच.
यात गाणं कुठंय पण, त्यांनी विचारलं.
येईल ना, निनाद म्हणाला.
दोन तास वाट बघितली त्यांनी,
खुर्चीच्या अगदी कडेवर बसून.

दारू तर या राज्यात नाहीच.
बाहेरगावच्या दोस्तांना वाटतं, गंमत करतोय आम्ही.
काउंटरवर जिरा सोडा, कोकम,
साडेनऊला ऋजुताच्या घरून पातेलंभर सेव-उसळ.
हवालदार आले, तीन ग्लास हुंगले,
चौथा पिऊन टाकला.
मग स्पीकरसमोर उभे राहिले जरा वेळ,
खिशातला मोबाइल का थरथरतोय ते बघत.

बाराच्या आत सगळं आवरायचं, म्हणून सुरुवात सहाला.
पत्र्याच्या भोकांतून ऊन येतं, धूळ दिसते,
एकमेकांचे चेहरे दिसतात.
उजेडात नाचायला कुणी तयार होत नाही.
सगळे भिंतींना चिकटून,
लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यांसारखे.
साडेसात वाजेपर्यंत फक्त ऋजुता नाचते,
डोळे मिटून, चपला हातात घेऊन.

पाचव्या महिन्यात
वॉचमन शनाभाई बॅटरी घेऊन आत शिरले.
ते कधी आत येत नाहीत. ऐकू येत नाही त्यांना,
तीस वर्षं याच शेडमध्ये काढली.
गर्दीतून सरळ प्रेसपाशी गेले,
चाकावर तळवा ठेवला.
आ कोणे चालू कर्युं?

मशीन बंदच होती. नुसतं लोखंड हलत होतं.
मी मानेनं नाही म्हटलं, बोटानं स्पीकर दाखवला.
त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.
ओठ हलत होते. मोजत होते.
एकशेवीस, म्हणाले.
आम्ही साठ मारायचो. तेही चांगल्या दिवशी.

काय झालं ते निनादला मी ओरडून सांगितलं.
त्यानं दोनातला एक ठोका काढून टाकला.
मधल्या रिकाम्या जागेत काय करायचं
कुणालाच कळेना. पोरं थबकली.
तिघं बाहेर गेली, त्यांतली दोन परत आलीच नाहीत.
आणि शनाभाईंचा उजवा पाय
हळूहळू
नसलेलं पेडल दाबू लागला.
डावा हात पट्टी सरकवतोय, उजवा उचलतोय,
दर ठोक्याला मान किंचित मागे.

किती वेळ, ते मी पाहिलं नाही.
रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटं आहेत.

जाताना ते दारात थांबले, हात पुढे केला.
सगळ्यांना मारते ना, मग मलाही.
मनगट हातात घेतलं मी, शिक्का उठवला.
त्याखाली तीन बोटं होती.

त्या रात्री जमा आठ हजार दोनशे,
खर्च आठ हजार सहाशे साठ.
फरक केयूरनं भरला, मागच्या वेळी मी भरला होता.

पुढचा तिसरा शनिवार नवरात्रात येतोय.
खोकी मिळणार नाहीत, मुस्तकीमभाईंनी आधीच सांगितलंय.
शनाभाई मात्र गेटवर रोज विचारतात,
कधी आहे पाळी.